जुन्या रस्त्यावरचा पिवळा बोर्ड

रविवारी काका घरात टिकायचे नाहीत. लंडनमधल्या हॅरोच्या त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला राहायला आले, त्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं. नाश्ता झाला की रस्त्यांच्या नकाशाचं जाडजूड पुस्तक काखेत मारायचे आणि काकूंना विचारायचे, "येतेस?"

काकू म्हणायच्या, "माझी कंबर तुमच्या गाडीत बसायला तयार नाही. हिला न्या. बोर्ड वाचून वाचून हिचं इंग्लिश तरी सुधारेल."

अशी मी पुढच्या सीटवर बसायला लागले.

मी मिरजेची. आई अंथरुणाला खिळली आणि आठवीत माझी शाळा सुटली. पुढं अठरा वर्षं नर्सिंगच्या मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या. काकांच्या बहिणीनं माझं नाव सुचवलं आणि दोन हजार पाचच्या थंडीत मी इथं येऊन पोचले. माझा व्हिसा त्यांच्या घरच्या कामावर होता. म्हणजे ते घर सुटलं की देशही सुटला, असं मी धरून चालले होते. मला स्वतंत्र खोली होती, तिला आतून कडी होती, रेडिएटर होता. एवढं सगळं मला कशासाठी मिळालंय हे कळायचं नाही, त्यामुळे ते कधी काढून घेतील याची धास्ती असायची. गॅसचं बटण बंद केलं का, म्हणून मी चार-चारदा उठून बघायची.

काका भुलीचे डॉक्टर. रिटायर होऊन सात-आठ वर्षं झालेली. तरुणपणी दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलावं लागायचं. आज लंडनजवळ, तर पुढच्या फेब्रुवारीत लीड्स. संसार सगळा गाडीत. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना हायवे होता, त्याच्या कडेच्या मोटेलांमध्ये ते दोघं मुक्काम करायचे. पुढं मोठा रस्ता झाला, तो गावांना वळसा घालून गेला, आणि जुना रस्ता तुकड्यातुकड्यांनी मागं राहिला. एखादा तुकडा दोन गावांमधून व्यवस्थित जायचा, एखादा अचानक लोखंडी गेटापाशी संपायचा आणि पलीकडे डांबरातून गवत वर आलेलं. काकांना ही सगळी मोटेलं पाडायच्या आधी एकदा बघायची होती. फोटो मी काढायची, कारण त्या छोट्या कॅमेऱ्याची बटणं त्यांना सापडायची नाहीत. म्हातारपण, दुसरं काय, असं मी समजायची.

मला त्या फेऱ्या आवडायला लागल्या. एका मोटेलात आता गालिचे विकायला ठेवलेले. एकाच्या सगळ्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पण उंच खांबावरचा बोर्ड शाबूत: प्रत्येक खोलीत रंगीत टीव्ही. एका भिंतीवर फिकट निळा बाण, 'चहा, शंभर यार्डांवर', आणि शंभर यार्डांवर गव्हाचं शेत. काका गाडी हळू करायचे आणि म्हणायचे, "वाच."

मी अडखळत वाचायची. "नो... कोचेस."

"म्हणजे?"

"बस आणू नका."

"का?"

"एवढ्या लोकांना चहा कोण करणार, म्हणून."

काका हसायचे. "मेसवाली शोभतेस. पुढचा?"

कोणी माझ्याकडून इतकं मन लावून वाचून घेतलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही. फाट्यावरच्या पाट्या, वेगाचे आकडे, 'सावकाश', 'शाळा', सगळं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. घरी आल्यावर मी ते शब्द वहीत उतरवून ठेवायची.

दुपारी कुठल्यातरी ओसाड पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायचो. तेव्हा ते कुकरची गोष्ट सांगायचे. मोटेलचं जेवण काकूंना चालायचं नाही, म्हणून काकू खोलीत लपवून इलेक्ट्रिक शेगडीवर वरणभात लावायच्या. फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओला टॉवेल. वास अडला, पण शिट्टी कशी अडणार? तिसऱ्या शिट्टीला मॅनेजर दार वाजवायला आला. काका म्हणाले, हे मेडिकल इक्विपमेंट आहे. काकूंच्या तोंडून ऐकलं तर वेगळंच: "हे बाथरूममध्ये लपले होते. मीच दार उघडलं आणि त्याला वाटीभर वरण दिलं."

मे महिन्यात एका रविवारी आम्ही बिगल्सवेड गावाच्या पुढं जुन्या रस्त्यावर होतो. काका खुशीत होते. म्हणाले, "आता डावीकडे बघ. पिवळा बोर्ड येईल. लॉरीवाल्यांचा कॅफे. बेकनच्या वासानं तुझ्या काकू नाकाला पदर लावायच्या. तो बघ, आला. अजून तस्साच आहे."

मी डावीकडे बघितलं. दोन गंजके खांब होते. मध्ये काहीच नव्हतं, नुसतं आभाळ.

"दिसला ना?" काकांनी विचारलं.

माझ्या तोंडून "हो" निघालं. डॉक्टर माणूस, वडिलांच्या वयाचा, ज्याच्या सहीवर मी या देशात राहतेय, त्यानं दिसला म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार? आमच्याकडे मोठ्यांच्या बोलण्यावर हो म्हणतात, खरं-खोटं नंतर बघतात. मीही तसंच केलं. पण परतीच्या वाटेवर मी बोर्ड वाचत नव्हते, काकांचे डोळे बघत होते. समोरचं बघताना ते मान किंचित तिरकी करायचे, एखादी वस्तू पडद्याआडून बघावी तशी. आणि मी पाटी वाचली की मगच त्यांचा पाय ब्रेकवर जायचा.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. सांगावं तर, हिला एवढं दिलं आणि ही घरात भांडण लावतेय, असं व्हायचं. न सांगावं तर कोणीतरी मरायचं. काकूंना सांगायला म्हणून दोनदा स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि "चहा टाकू का?" एवढंच विचारून आत गेले. पुढचे दोन रविवार मी जिवाच्या आकांतानं सगळं वाचत गेले. बोर्ड नसतील तिथं माणसं, कुत्री, पोस्टाची पेटीसुद्धा.

"अगं, कॉमेंट्री कसली करतेयस," काका म्हणाले. "क्रिकेट आहे का?"

तिसऱ्या रविवारी, पीटरबरोच्या अलीकडे, रस्त्यावर भडक जाकीट घातलेली एक मुलगी घोड्यावरून चालली होती. रस्ता सरळ, ऊन स्वच्छ. मी चटणीचा डबा घट्ट बसलाय का बघायला खाली वाकले होते. वर बघितलं तर घोड्याची शेपटी बोनेटसमोर.

"काका, घोडा!"

गाडी गवतात जाऊन थांबली. घोडा दोन पावलं आडवा झाला. मुलीनं मागं वळून आमच्याकडे बघितलं, हातानं काहीतरी खूण केली आणि पुढं निघून गेली.

"दिसला होता मला," काका म्हणाले.

"नाही दिसला, काका."

मी हे कसं बोलले, मला आजही कळत नाही. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. "तो पिवळा बोर्डपण नव्हता तिथं. नुसते खांब होते. मी खोटं हो म्हटलं. माझं चुकलं."

काकांनी गाडी अगदी सावकाश, दिवे लावून, दोनशे-तीनशे पावलांवरच्या एका मोटेलच्या आवारात नेली. हे चालू होतं. ओळीनं आठ बैठ्या खोल्या, दारांचा रंग उडालेला, ऑफिसच्या खिडकीत 'खोल्या मिळतील' अशी लाल पाटी. काका उतरले. म्हणाले, "गाडी चालवायची तर समोरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. वीस मीटरवरून. हा इथला रूल आहे. चल, मोज."

मी पावलं टाकायला लागले.

"तुझी नकोत. माझी."

गाडीपासून वीस लांब पावलं मोजून ते वळले आणि आमच्या गाडीचा नंबर घडाघडा म्हणाले.

"काका, ती आपलीच गाडी आहे."

"हं," ते म्हणाले. आणि तेवढ्या त्या भीतीतही आम्हा दोघांना हसू आलं. आवारात दुसरी गाडी नव्हती. आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो, कोणाची तरी गाडी येण्याची वाट बघत, बसस्टॉपवर उभं राहावं तसे.

दहा-पंधरा मिनिटांनी एक पांढरी व्हॅन आली. मोटेलची मालकीण, साठीची बाई, चादरी धुवून आणलेल्या. काकांनी तिला अदबीनं विचारलं की तुमच्या गाडीचा नंबर वाचला तर चालेल का. तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "वाचा की, लव्ह. फुकट आहे." इथल्या बायका अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात.

काकांनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला. पाच पावलं पुढं गेले, आणखी पाच. एक आकडा बोलले, तो चुकला. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला.

"मधलं गेलंय," ते मला मराठीत म्हणाले, एखाद्या पेशंटबद्दल बोलावं तसं. "कडेचं दिसतं. मध्ये डाग आहे. सहा महिने झाले. मला कळत होतं, अगं. मी डॉक्टर आहे, मला कळणार नाही?"

"मग काका..."

"तू वाचत होतीस ना. माझं भागत होतं."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. माझी शाळा वाटत होती ती, आणि ते त्यांचे डोळे निघाले. पण त्यांनी किल्ली काढून बोनेटवर ठेवली, आणि ठेवल्यावर हात तिच्यावरून काढेनात, ते बघून राग कुठल्या कुठे गेला.

बाईनं ऑफिसमध्ये चहा दिला, दूध खूप जास्त. काका खुर्चीत बसून राहिले. मला म्हणाले, "घरी फोन तू कर." मी त्यांचा मोबाईल घेऊन बाहेर आले.

काकूंनी पहिल्या घंटीलाच उचलला. मी सगळं सांगितलं, घोड्यासकट.

"तू बोललीस त्यांना?" काकू म्हणाल्या. "माझी हिंमत झाली नाही. किल्ली मागितली असती तर ते जेवले नसते महिनाभर. म्हटलं, तुझे डोळे तरुण आहेत. रविवारी तुम्ही परत येईपर्यंत मी खिडकीतून हलत नसे."

"काकू, मी मेले असते."

"हो," त्या म्हणाल्या. आणि मग, रडत, "मला माफ कर गं. माझ्या मुलीला मी त्या सीटवर बसवलं नसतं."

हे वाक्य मला लागलं, अजून लागतं. पण ते त्यांनी स्वतःहून उच्चारलं, झाकून ठेवलं नाही, याचंही मला काहीतरी वाटलं. मी एवढंच म्हटलं, "आम्ही ट्रेननं येतोय. भात लावू नका, मी आल्यावर लावते."

बाईनं आम्हाला व्हॅनमधून पीटरबरोच्या स्टेशनवर सोडलं. गाडी तिथंच राहिली. दोन दिवसांनी लीड्सहून काकांचे जावई येऊन घेऊन गेले. लंडनला किंग्ज क्रॉसला उतरून हॅरोकडे जाणारी मेट्रोपॉलिटन लाइन पकडली, तेव्हा काका म्हणाले, "उद्या लायसन्स परत पाठवतो. तू काही तुझ्या व्हिसाचं टेन्शन घेऊ नकोस. ते पेपर वेगळे, हे वेगळे." मी विचारलंही नव्हतं.

सोमवारी त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. ओळी कागदावर वर-खाली गेल्या होत्या, पण काकूंना लिहू दिलं नाही. लायसन्स आत घालून पाकीट चिकटवलं आणि मला म्हणाले, "चल कोपऱ्यापर्यंत."

मी दोन पावलं मागं चालत होते. पोस्टाच्या लाल पेटीपाशी ते थांबले आणि पाकीट पुढं केलं. ते पेटीच्या अंगावर आपटलं. पुन्हा केलं, तरी फट सापडेना. माझा हात आपोआप वर आला होता, तो मी खाली घेतला. काकांनी डाव्या हातानं पेटी चाचपली, फटीची कड बोटांना लागली, आणि तिच्या आधारानं त्यांनी पाकीट आत सरकवलं. आत पडल्याचा आवाज होईपर्यंत ते तिथंच वाकून उभे राहिले, आणि मी मागं.