तीन पॉइंट नऊनंतर

मला आजवर बसलेल्या धक्क्यांपैकी निम्म्याहून जास्त धक्के एकाच माणसाने दिलेले आहेत, आणि तो माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे राहू गावचे काका. धक्का देण्याचा त्यांचा हेतू कधीच नसतो. ते आपल्या शांत आवाजात, चहा बशीत ओतता ओतता काहीतरी सांगतात आणि समोरच्याचा घास हातातच राहतो. मी मुळात कमी बोलणारी. त्यामुळे काका बोलतात, मला धक्का बसतो आणि मी गप्प राहते, असंच आमचं नातं वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे.

मी पाचवीत असताना ते शिरूरला आमच्या घरी आले होते. ते तेव्हा कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. त्यांनी मला विचारलं, "सध्या कितीवर हायस?" मी म्हटलं, पाचवीत. ते म्हणाले, इयत्ता नाही, व्हर्जन. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की कॉम्प्युटरच्या सिस्टिमला जसा नंबर असतो तसा माणसालाही असतो. बारीकसारीक दुरुस्ती झाली की पॉइंटनंतरचा आकडा वाढतो. पॉइंटच्या आधीचा मोठा आकडा मात्र सहसा हलत नाही. जुनं काही नव्यावर चालेनासं झालं, तरच तो बदलतो. त्यांचा स्वतःचा मोठा आकडा दोनदा बदलला होता. लग्न झालं तेव्हा एकाचे दोन झाले. वडील गेले तेव्हा दोनाचे तीन. "त्यो आपण बदलत न्हाई," ते म्हणाले, "त्यो बदलतो." आणि शेवटी, जाता जाता सांगितलं की तीन पॉइंट नऊनंतर चार येत नाही, तीन पॉइंट दहा येतो. मी हे खरं मानून पुढच्याच आठवड्यात गणिताच्या पेपरात ३.१० हा ३.९ पेक्षा मोठा असल्याचं लिहून आले. मिसनी मला वर्गासमोर उभं केलं आणि हे कोणी शिकवलं असं इंग्रजीत विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं नाही.

नंबर देण्यातून काहीच सुटलं नाही. त्यांच्या ट्रॅक्टरला नंबर आहे, म्हशीच्या खुराकाला आहे, मावशीच्या शेंगदाण्याच्या चटणीलाही आहे. एकदा तिने लसूण कमी घातला, तर ते जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर गंभीरपणे म्हणाले की आपल्याला मागच्या व्हर्जनवर परत जावं लागेल. मावशीने वाटी उचलून आत नेली आणि दोन दिवस कुठलंच व्हर्जन वाढलं नाही.

पण नंबरापेक्षा भयंकर होती ती त्यांची बदल करण्याची पद्धत. काका काहीही बंद करून बदलत नाहीत. चालू असतानाच, एकेक तुकडा करून बदलतात. राहूचं त्यांचं घर मी आठवीत असल्यापासून असंच बदलतंय. एक खोली उघडायची, बाकीच्या खोल्यांत संसार चालू ठेवायचा, ती झाली की पुढची. शेवटची खोली होईपर्यंत पहिली जुनी झालेली असते, मग पुन्हा पहिलीपासून सुरुवात. पारगावचा पूल ओलांडून आम्ही राहूला पोचायचो तेव्हा दार या खेपेला कुठे असेल हे कुणीच सांगू शकायचं नाही. एका दिवाळीत मी मागच्या वर्षीच्या दारातून फराळाचा डबा घेऊन आत शिरले आणि म्हशीसमोर उभी राहिले. म्हशीलाही धक्का बसला असावा. मावशीने एक उन्हाळाभर न्हाणीघरात स्वयंपाक केला आहे. तिची एकच इच्छा होती, आणि ती प्रत्येक भेटीत बोलून दाखवायची: "मरायच्या आधी मला ह्ये घर एकदा झालेलं बघायचंय."

काकांच्या या चालू ठेवूनच बदलण्याच्या हट्टामागे एक गोष्ट आहे, ती मला मावशीनेच सांगितली. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर काकांनी गावातल्या दूध संकलन केंद्राचं काम घेतलं. तिथे एकच कॉम्प्युटर होता. दूध मापून फॅटप्रमाणे भाव लावायचं काम सगळं त्याच्यावरच. एका सकाळी, गवळी रांगेत उभे असताना, काकांनी मोठ्या उत्साहाने त्यात नवी सिस्टिम टाकली आणि रीस्टार्ट केलं. तो कॉम्प्युटर पुन्हा उठलाच नाही. ऊन चढलं, कॅन तापले, अख्ख्या रांगेचं दूध नासलं. कुणी त्यांना शिवी दिली नाही, म्हाताऱ्या माणसांनी तर उलट पाठीवर हात ठेवला, आणि तेच त्यांना सोसलं नाही. तेव्हापासून केंद्रात दोन कॉम्प्युटर आहेत. एक काम करत असतो तेव्हाच दुसरा बदलला जातो. आणि तेव्हापासून काकांचा नियम: "ज्याला दुसरा न्हाई, त्याला हात लावायचा न्हाई."

वय झालं तसं त्यांनी स्वतःलाही याच पद्धतीने बदलायला घेतलं. दात आधी डाव्या बाजूचे, मग उजव्या. मोतीबिंदू आधी एका डोळ्याचा. मधल्या काळात ते ओसरीवर बसून एकेक डोळा आलटून पालटून झाकायचे आणि मावशीकडे बघायचे. म्हणाले, "नव्यात हाय तशी दिसतीस. जुन्यात हळद लागल्यावानी दिसतीस." मावशी म्हणाली, "मग जुना राहू द्या की." मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. दुसऱ्या डोळ्यानंतर ते तीन पॉइंट नऊवर आले.

मग गेल्या वर्षी छातीत दुखलं. पुण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, लवकर. आणि ज्या माणसाने घरातली एकही वस्तू जुनी ठेवली नाही, तो माणूस खुर्चीतून उठला, टोपी घातली आणि म्हणाला, नाही करायची. मला त्यांच्याकडून बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का होता. मावसभावाने समजावलं, चिडला, हात जोडले. काका एकच सांगत होते: हृदय एकच आहे. ते थांबवायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा चालू करायचं. "आन् उठलं न्हाई तर?" डॉक्टरांना वाटलं म्हातारा भित्रा आहे. मला मात्र तापलेल्या कॅनची रांग दिसत होती.

मावशी माझ्या शेजारी बसली होती. ती कुजबुजली, "पॉइंट नऊ झालंय त्यांचं. आता चारच की गं." इतकी वर्षं ती त्यांचे आकडे हसण्यावारी नेते असं मला वाटत होतं. ती ते मोजत होती, आणि माझ्या मिससारखं मोजत होती: नऊनंतर थेट चार.

अनोळखी माणसासमोर मी बोलत नाही. पण त्या दिवशी माझाच आवाज मला ऐकू आला. मी डॉक्टरांना विचारलं, हृदय चालू ठेवून हे ऑपरेशन करता येत नाही का? डॉक्टर म्हणाले, येतं ना, बऱ्याचदा तसंच करतो. जिथे टाका घालायचा तेवढाच भाग स्थिर धरतो, बाकीचं हृदय धडधडत असतं. यांच्या बाबतीतही तसंच करायचा विचार आहे.

काका दारापर्यंत गेले होते. ते परत फिरले. "म्हंजी चालू ठेवूनच?"

"चालू ठेवूनच."

"एकेक टाका?"

"एकेक."

काकांनी टोपी काढली आणि खुर्चीत बसले. "मग ह्ये आधी सांगायचं न्हाई व्हय, डॉक्टर," ते म्हणाले. सगळा वेळ चूक डॉक्टरांचीच असल्यासारखं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एकेकाला आत सोडलं. मावशी आत गेली आणि नुसती पायाला हात लावून परत आली. मग मी गेले. काका नळ्यांमध्ये लहान दिसत होते. इतक्या वर्षांत जो प्रश्न मी त्यांना कधीच विचारला नव्हता, तो विचारला. "काका, आता कितीवर?"

त्यांचा घसा बसलेला होता. "तीन पॉइंट दहा," ते म्हणाले. "मावशीला सांग."

बाहेर येऊन मी तिला सांगितलं. तिला दहा कुठून आला ते कळेना. मग मी तिला समजावलं, पाचवीत मला समजावलं होतं तसंच: नऊनंतर दहा येतो, मोठा आकडा हलत नाही.

"आन् दहानंतर?"

"अकरा."

"आसं कुठवर?"

"कितीही, मावशी. ते कुठे संपत नाही." हे खरं नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मग राहू दे बाई घराचं काम चालू. घाई न्हाई."

परवा राहूला गेले होते. दार पुन्हा हललेलं होतं. मी अंगणात तशीच थोडा वेळ उभी राहिले, हातोड्याचा आवाज या खेपेला कुठल्या खोलीतून येतोय ते ऐकत.