पोफळीला बांधलेली होडी

लष्कराची होडी मी पोफळीला बांधली होती. सुपारीच्या वाडीत जन्मलेल्या माणसाने हे करायचं नसतं.

आज अंगणात भिजलेल्या सुपारीच्या सालांचा कुबट वास आला आणि माझी बोटं होडी बांधली त्या दिवसासारखी पुन्हा बधिर झाली. त्या दिवशी पुरात खाडीचं पाणी आमच्या ओटीला लागलं होतं. जवानांनी आईला उचलून होडीत बसवलं. एकाने दोरी माझ्या हातात दिली, म्हणाला, "भैया, मजबूत पेड से बांधना," आणि दोघे आतून बाबांना आणायला गेले. नारळ जरा पलीकडे होता. पोफळ हाताशी होती, बारीक होती, गाठ मारायला सोपी. तिच्या मुळांखालची माती वाहून गेलेली मला दिसत होती, तरी बांधली.

पोफळ सावकाश आडवी झाली, मुळासकट निघाली, आणि आईला घेऊन होडी खाडीकडे चालली. मी ओरडलोसुद्धा नाही. आईची एक चप्पल ओटीवर राहिली होती, ती उचलून नीट सरळ ठेवली. भीती वाटल्याचं काही आठवत नाही. आता हा किस्सा मी लोकांना हसवायला सांगतो आणि मधेच हात चोळत बसतो.

बाहेर आलेल्या एका जवानाने पाण्यात उडी टाकली आणि पोहत जाऊन होडी ओढत आणली. त्याने दोरी पुन्हा माझ्याकडे केली, तशी आई होडीतूनच त्याला म्हणाली, "पोरा, तूच बांध. ह्याच्याकडं मी गाय पन बांधायला देत न्हाय."