‘दुखतंय’ म्हणायला शिकवणं

कल्पना करा, तुम्हाला एका अकरा वर्षांच्या मुलीला एक शब्द शिकवायचा आहे. शब्द साधा आहे: दुखतंय. चेंडू शिकवायचा असता तर चेंडू हातात दिला असता. पाणी शिकवायचं असतं तर पेला पुढे केला असता. पण दुखणं कुठून आणणार? चिमटा काढणार? काढलात, तर ती शिकेल की ‘दुखतंय’ म्हणजे चिमटा, किंवा ‘दुखतंय’ म्हणजे तुम्ही. म्हणून तुम्ही वाट बघत बसता. मुलगी कुठेतरी धडपडेल, गुडघा फुटेल, आणि त्या क्षणी तुम्ही शब्द घेऊन धावत जाल, म्हणून. आपल्याच लेकराला लागावं म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेला बाप तुम्ही पाहिला नसेल. ठकूचा बाबा गेले चार महिने तसा बसतो.

तो बॉयलर चालवतो. कापड रंगवायच्या कारखान्याच्या मागे पत्र्याची उंच शेड आहे, तिथे बावीस वर्षं. बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचेची नळी असते आणि पोटात पाणी किती आहे ते तीत दिसतं. पाणी फार खाली गेलं आणि आग तशीच चालू राहिली तर बॉयलर फुटतो, आणि फुटला की काय झालं ते सांगायला कुणी उरत नाही. गोम अशी, की त्या नळीची वाट कधीकधी क्षारांनी बुजते. मग पोटातलं पाणी संपत आलं तरी काचेत ते जिथल्या तिथे उभं दिसतं. म्हणून दर पाळीला काचेखालचा नळ उघडायचा, नळी रिकामी करायची, नळ बंद करायचा आणि पाणी उसळी मारून वर येतंय ना ते बघायचं. पाळीला एकदा केलं तरी पुरतं. हा तासातासाला करतो. त्यामुळे सोबतचे लोक त्याला ‘संशयात्मा’ म्हणतात. ज्या म्हाताऱ्या फोरमननी त्याला हे काम शिकवलं, ते सांगायचे, “हलणाऱ्या पाण्याला भिऊ नकोस. गप्प उभ्या पाण्याला भी.” हे वाक्य त्यानेही पुढे नव्या पोरांना सांगितलं. घरी मात्र ते त्याला कधी आठवलं नाही.

ठकू हे तिचं घरातलं नाव. तिसऱ्या वर्षी तिचे होते तेवढे शब्दही गेले, आणि वर्षभर दवाखाने पालथे घातल्यावर घरात एक नवा शब्द आला, स्वमग्नता. डॉक्टर ऑटिझम म्हणत. आई काहीच म्हणत नसे. ठकू दारापासून गॅलरीपर्यंत धावायची, गुणगुणायची, नळाची बारीक धार सोडून तिच्याखाली बोटं धरायची. केसांना हात लावू द्यायची नाही. तिची नखं कापायला तीन माणसं लागत. एक धरायला, एक कापायला आणि एक शेजाऱ्यांची माफी मागायला. बोलायची ती तुमचेच शब्द. “भूक लागली का?” विचारलं की म्हणायची, “भूक लागली का.” त्याचा अर्थ हो असा घ्यायचा, हे आईबाबांना कळायचं, बाकी कुणाला नाही.

आठवड्यातून दोनदा तिला एका केंद्रात नेत. तिथल्या बाई शांत स्वभावाच्या, कामाला वाघ. ठकू नऊ वर्षांची झाली तेव्हा बाई म्हणाल्या, “हिला एक तरी उत्तर शिकवू या, चारचौघांत उपयोगी पडेल असं. कुणी ‘कशी आहेस?’ विचारलं की ‘छान’.”

ते काम बाबाने अंगावर घेतलं. सकाळची पाळी संपवून आला की हातपाय धुऊन तो तिच्यासमोर मांडी घालायचा. एका हातात हसऱ्या चेहऱ्याचं कार्ड, दुसऱ्या हातात बिस्किटाचे हरभऱ्याएवढे तुकडे. “कशी आहेस?” आणि लगेच, हळू आवाजात, “छान.” तिने नुसते ओठ हलवले तरी तुकडा. चार महिन्यांनी एका संध्याकाळी त्याने विचारलं, “कशी आहेस?” आणि पुढचं काही बोलायच्या आत ठकू म्हणाली, “छान.” तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि ठकूच्या आईला म्हणाला, “बाहेर ये. तिला विचार.” आईने विचारलं. “छान.” दोघांनी मिळून आठ वेळा विचारलं. पुडा संपला.

मग पाहुणे, दुकानदार, रिक्षावाला, सगळ्यांना ते उत्तर मिळू लागलं. ठकूची आत्या आली. तिने विचारून पाहिलं आणि भावाला म्हणाली, “या घरात सरळ उत्तर देणारी ही एकटीच. तुला कसा आहेस विचारलं तर तू नुसता हूं करतोस.” जाताना दारात थांबून डोळे पुसत म्हणाली, “माणसांत आली रे पोरगी.”

दोन वर्षं असंच छान चाललं.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी तो कामावरून आला तर घर गप्प. आई ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “हळू बोला. सकाळपासून एकदाही धावली नाही.”

“बरं नाही का तिला?”

“अंग गार आहे. जेवली कमी, पण त्यात नवीन काय?”

ठकू भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तो समोर बसला. “ठकू, कशी आहेस?”

“छान.”

त्याने तुकडा दिला. तिने तो खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला.

मंगळवारी आईने तिची वीसही नखं एकटीने कापली. ठकूने हात असा देऊन ठेवला होता, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. बुधवारी दुपारी आई कितीतरी वर्षांनी तासभर झोपली, आणि उठली तेव्हा तिचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता. आत्याचा फोन आला. “वयात येताना शांत होतात पोरी. मी म्हटलं नव्हतं? दृष्ट लावू नका म्हणजे झालं.” त्या दिवशी कारखान्यात जोडीदाराने विचारलं, “काय संशयात्मा, आज दात दिसतायत?”

“पोरगी तीन दिवस शहाण्यासारखी बसतेय.”

“मग चहा तुझ्याकडून.”

त्याने पाच जणांना चहा पाजला. हे बोलताना त्याचा हात काचेखालच्या नळावर होता.

त्या संध्याकाळीही त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. गुरुवारी सकाळी तो कामाला निघायच्या बेतात असताना तिने हिरवी उलटी केली. अंग तव्यासारखं तापलं होतं. तिला उचललं तेव्हा तिने पाय सरळ होऊ दिले नाहीत.

इस्पितळात तपासायला आलेली डॉक्टर वयाने लहान होती. “पोटात कधीपासून दुखतंय हिच्या?”

“दुखत नाहीये,” आई म्हणाली. “म्हणजे, बोलली नाही काही.”

डॉक्टर ठकूकडे वाकली. “काय गं राणी, कशी आहेस?”

“छान,” ठकू म्हणाली, आणि बापाकडे वळून तिने तळहात पुढे केला. बिस्किटासाठी.

डॉक्टरने पोटावर हात दाबला. ठकू ओरडली नाही. फक्त तिच्या पायाची बोटं आत वळली. पोट फळीसारखं कडक झालं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं, बहुतेक मंगळवारीच. पू सगळीकडे पसरला होता. ऑपरेशनला नेताना डॉक्टर दोष देण्याच्या सुरात नाही, खरोखर न समजून म्हणाली, “यात मोठी माणसं जमिनीवर लोळतात हो. ही नुसती बसून होती?”

ठकू वाचली. आतड्याचा वीतभर तुकडा काढावा लागला. नळ्या उपसून काढते म्हणून तेवीस दिवस तिचे हात पट्टीने पलंगाला बांधलेले. ती आधी ओरडली, मग थांबली. घरी सोडताना मोठे सर्जन म्हणाले, “अशा केसमध्ये आतडी पुढे कधीही एकमेकांना चिकटून वाट बंद होऊ शकते. वर्षानेही होईल, दहा वर्षांनीही. पोटात दुखलं की ताबडतोब आणायचं. उलटीची वाट बघायची नाही.”

“पण दुखलं हे कळायचं कसं, साहेब?”

“तुम्ही आईबाप आहात,” सर्जन समजुतीने म्हणाले. “तुम्हाला कळेल.”

बाहेर बाकावर बसून ठकूची आई हसायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात धरून, बराच वेळ. त्याला तिला थांबवता येईना.

म्हणून आता हा शब्द शिकवायचा आहे. कार्ड फाडून टाकलं. ‘कशी आहेस?’ हा प्रश्न घरात बंद, आत्यालाही सांगून ठेवलं. तरी रस्त्यात कुणीतरी विचारतंच आणि ठकू म्हणते, छान. लिहिलेलं खोडता येतं, शिकवलेलं नाही.

पहिली संधी दाराने दिली. तिचं बोट फटीत सापडलं. तो ओलं, गार फडकं घेऊन धावला, बोट धरलं आणि म्हणाला, “दुखतंय. ठकू, दुखतंय.” ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. पुढच्या खेपेला पलंगाचा कोपरा गुडघ्याला लागला. मग एकदा जीभ चावली. चौथ्या खेपेला, बाथरूममध्ये घसरल्यावर, तो पोचायच्या आत आतून आवाज आला, “दुखतंय.” आई आणि तो दारात एकमेकांना धडकले. ढोपर सोललं होतं. त्या दिवशी दोघं पोटभर जेवले.

आनंद आठवडाही टिकला नाही. ठकूला गार फडकं आवडतं. नळाच्या धारेइतकंच आवडतं. आणि ‘दुखतंय’ म्हटलं की ते येतं, बाबा धावत येतो, आई हातातलं टाकून येते. जेवताना, गॅलरीत, पंख्याखाली पडल्या पडल्या, ती दिवसातून चाळीस वेळा म्हणू लागली, दुखतंय. “कुठे?” “कुठे,” ती म्हणते. पहिल्या महिन्यात त्यांनी तिला चार वेळा इस्पितळात नेलं. चारही वेळा फोटो काढला, पोटात काही नाही. चौथ्या वेळी नर्स हसून म्हणाली, “आलात? तुमची खाट राखूनच ठेवते मी.” पाचव्या वेळी, ठकू म्हणाली तेव्हा आईने चादर घडी करणं थांबवलं नाही. मग घडी अर्धी टाकून ती मोरीत जाऊन रडली.

“छानमधून सुटलात आणि दुखतंयमध्ये अडकलात,” आत्या म्हणाली. “आगीतून फुफाट्यात. अरे, फडकं द्यायचंच बंद करा की.”

“मग ती बोलायचंच बंद करेल, ताई.”

“मग काय करणार तू?”

“काय करणार. हात लावून बघणार.”

तेच तो करतो. घरी असला की तासातासाला तिच्या पोटावर हात ठेवून दाबतो आणि तिच्या पायाच्या बोटांकडे बघतो. काचेखाली निदान नळ असतो. ठकू आता तो जवळ आला की उशी पोटाशी धरते. आधी घरात ती कुणाच्या अंगाला अंग लावून बसत असेल तर त्याच्या. आता भिंतीपाशी सरकते. त्याला तरीही उशी बाजूला करावी लागते. आणि ती धावली, गुणगुणली तर ते बरं लक्षण की वाईट, हे दोघांनाही सांगता येत नाही. गप्प बसली तर तो कामावर जात नाही. महिन्यात सहा खाडे झाले. संशयात्मा म्हणायचं जोडीदाराने आपणहून सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात ठकूचा तास संपल्यावर त्याने बाईंना विचारलं, “तिला पाणी हवं असलं तर माझा हात धरून नळापाशी नेते. मग त्या तीन दिवसांत एकदाही माझा हात पोटापाशी का नेला नाही?”

बाई म्हणाल्या, “नक्की नाही सांगता येत हो. तिला स्वतःलाच पोट कुठे दुखतंय ते नीट कळलं नसेल. पण काही मुलांचं असं असतं, की आपल्याला जे कळतंय ते सगळ्यांना कळतंच असं त्यांना वाटतं. ही भिंत तिला पिवळी दिसते, तर तुम्हालाही दिसतेच. मग ती कशाला सांगेल, भिंत पिवळी आहे म्हणून?”

त्याने मान हलवली, ठकूच्या चपला सरळ केल्या, तिला जिन्यापर्यंत नेलं. दोन पायऱ्या उतरून थांबला. पुढचा मुलगा आईबरोबर आत जात होता. तरी ठकूचं मनगट धरून तो परत वर आला आणि दारात उभं राहूनच म्हणाला, “बाई, एकच. त्या तीन दिवसांत मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून कशी आहेस विचारत होतो. मग तिला असं वाटलं असेल का, की बाबाला सगळं माहीत आहे?”