पुलाच्या चित्रातलं खोपट

महाडचा जुना पूल आणि नदीकाठच्या भातगिरण्या मी रंगवल्या, त्या काही कुणी सांगितलं म्हणून नाही. दिवसभर शाळेत पोरांना पेरू आणि तांब्या काढायला शिकवून हात आणि जीव दोन्ही विटलेले असायचे. वर संध्याकाळी दुकानांच्या पाट्या. उरलेल्या वेळात शहाण्या माणसानं झोपावं. पण जुना पूल पाडून शेजारी नवा बांधणार, काठावरून रुंद रस्ता काढणार, हे पक्कं झालं आणि मला चैन पडेना. गिरण्यांना तर आधीच घरघर लागली होती. पोलादपूरकडच्या गावागावांत तेलावर चालणारे, भात सडायचे हलर आले. मग घाटाखालून गाड्या भरून भात इथवर कोण कशाला आणतो? एक गिरणी तेवढी कशीबशी चालू होती. म्हटलं, निदान कागदावर तरी राहू दे.

रविवारी सकाळी छत्री, पाण्याचा डबा आणि फळी घेऊन वाळूत बसायचं. सावित्रीच्या काठचं ऊन म्हणजे काय विचारता! त्यात गिरणीचं तूस उडून ओल्या रंगात चिकटायचं. नखानं काढावं तर रंग निघायचा. नाकी नऊ आले नुसते.

पुलाची उंची आणि धुराड्याची उंची जमवायला मी हात लांब करायचो, एक डोळा मिटायचो आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्यायचो. चित्रकलेचं पहिलंच पाऊल ते. पण गिरणीच्या हमालांना वाटलं, हा मोजणीवाला साहेब. नमस्कार सुरू झाले. आणि मग ती बाई आली.

पुलाच्या तोंडाशी, गिरणीच्या भिंतीला टेकून तिचं चहाचं खोपट होतं. आंबेनळीकडच्या कुठल्याशा वाडीतली. नवरा त्याच गिरणीत पोती उचलायचा, तो तापानं गेला. तेव्हापासून गाडीवाल्यांना आणि हमालांना चहा-भजी विकून ती राहत होती. चहाचा पेला माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "सायेब, रेघ जरा नदीच्या अंगानं घ्या."

"कसली रेघ?"

"रस्त्याची. माझं खोपट वाचंल एवढीच."

"अहो बाई, मी शाळामास्तर. चित्र काढतोय."

"हां, तसंच म्हणा. मागला सायेब पण म्हणायचा, मी काय नाय करत, नुसता बघतो. आनि निम्म्या आळीत खुंट्या मारून गेला."

मी मास्तर आहे हे तिला पुढल्या रविवारी पुन्हा सांगितलं, त्याच्या पुढल्यालाही. शेवटी हात टेकले. चहा मात्र चांगला असायचा, आलं ठेचून घातलेला.

खोपट चित्रात होतंच. ते नसतं तर गिरणीची पांढरी भिंत ओकीबोकी दिसली असती. एकदा तिनं ते पाहिलं. पदराला हात पुसून बोट अगदी कागदाजवळ नेलं, पण लावलं नाही. मग गिरणीकडे वळून ओरडली, "अरे बघा रे, हाय! माझं खोपट हाय कागदात!" दोन हमाल येऊन बघून गेले. मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझ्या चित्रावर इतकं खूश घरातलंसुद्धा कुणी झालं नव्हतं.

वैशाखात बघतो तर तिनं छपरावर नवा पेंढा चढवलेला. नवे वासे, कडेला कुडाची भिंतही सारवलेली. मी चिडलोच. "अहो, हे पाडणार आहेत! कशाला घातलात एवढा जीव?"

"तुमच्या कागदात हाय नव्हं?" म्हणाली, आणि भज्यांचं पीठ कालवायला लागली.

पावसाळा सरल्यावर रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या आल्या. लाल फडकं बांधलेली एक बरोबर तिच्या चुलीपुढं. ती थेट वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पोरं खिदळायला लागली, त्यांना गप्प केलं, चित्राची गुंडाळी काखेत मारली आणि तिला घेऊन पुलाच्या ऑफिसात गेलो. माझं तिथं काय काम, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण तिला नाही म्हणवेना.

तिथले साहेब सज्जन. चहा मागवला. तिला मात्र कुणी बस म्हणालं नाही, ती दाराशीच उभी. चित्र टेबलावर पसरून म्हणतात कसे, "वा मास्तर! पाण्यात धुराड्याची सावली काय उतरलीय! पूल गेल्यावर हीच आठवण." मी खोपटावर बोट ठेवलं. त्यांनी आपला नकाशा काढला. त्यात गिरणी होती, पूल होता, काठावरचं वडाचं झाडसुद्धा होतं. खोपटाच्या जागी काही नव्हतं.

"इथं तर मोकळी जागा आहे."

"अहो, हे काय दिसतंय मग?"

"चित्रात काय, काहीही काढता येतं."

मला असा संताप आला! "मग चला," म्हटलं, "डोळ्यांनी बघा." साहेब हसून म्हणाले, "बघितलंय हो. रोज चहा पितो तिथं. पण नकाशात नाही त्याला दुसरी जागा मी कुठून देऊ?"

मोडायच्या दिवशी मी गेलो. न जाऊन करतो काय! नवे वासे तिनं स्वतःच उपसून बांधून ठेवले होते, पेंढ्याच्या पेंढ्या करून गाडीवर टाकत होती. वाडीवर भावाकडं जाणार होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, कितीदा सांगितलं होतं, मी नुसता मास्तर आहे."

"ते ठावं होतं मला. शाळंतल्या पोरांनी मागंच सांगितलंवतं."

"मग?"

"गिरणीच्या पाठीमागं एक जागा मिळत होती. तुमचा कागद बघितला नि वाटलं, एवढा शिकलेला माणूस दर रविवारी उन्हात बसून काढतोय, म्हणजे ऱ्हाणार. म्हणून नाय घेतली."

चिडून बोलली असती तर मीही काही बोललो असतो. ती भात का करपला ते सांगावं तसं बोलली आणि केटली उचलून गाडीत ठेवायला गेली.