थंडी न वाजणारा घेवडा

थंडी पडली की पिकाच्या वाढीचं औषध विकणारे एक साहेब चाकणला आमच्या बांधावर हजर. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर आणि तोंडात एकच वाक्य, "या औषधानं घेवड्याला थंडी वाजतच नाही, राव!" वाक्य संपलं की नाक ओढायचे.

एका वर्षी त्यांनी माझ्या रानात घेवड्याचे दोन वाफे लावले. एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. तशा पाट्याही स्वतः रंगवून रोवल्या. मग थंडीचा कडाका पडला. औषधाचा वाफा करपला. पाण्याचा मात्र गोठ्याच्या आडोशाला शेंगांनी लगडला.

त्यांचे मोठे साहेब गावकऱ्यांना घेऊन बघायला यायचे होते. जीप लांबून दिसली तशी यांनी नाक ओढलं आणि शांतपणे पाट्यांची अदलाबदल केली.

"अवो साहेब, हे काय?"

"शास्त्र चुकत नाही, राव. पाट्या चुकतात."

त्या निर्विकार चेहऱ्याचं मला आजही कौतुक वाटतं.

गावानं डबेच्या डबे घेतले. पुढच्या थंडीत सगळ्यांचा घेवडा सारखाच करपला. तरी साहेब आले, तोच मफलर, नवा डबा.

मी म्हणालो, "औषध ऱ्हाऊ द्या, साहेब. औंदा नुसती पाटीच द्या."