चौथीतली पुठ्ठ्याची पोरं

पुठ्ठा कापायच्या आधी तो कानाला लावायचा. उजव्या हातात कात्री, डाव्या कानाला पुठ्ठा, डोळे मिटलेले. मग गिऱ्हाईक खोळंबलेलं असो, नाहीतर मशीनवर अर्धा सदरा पडलेला असो. मी विचारायचो, "काय म्हणतोय पुठ्ठा?"

"दम धर. त्याला बोलू दे."

आमच्या गावचा शिंपी तो. माझ्याच वयाचा. बोर्लीच्या बाजारातून बुटांची खोकी मागून आणायचा आणि त्यातनं शाळेतली पोरं कापायचा. गणपतीत देवळात पांढरं धोतर ताणायचं, मागं बत्ती ठेवायची आणि त्या पोरांच्या सावल्या धोतरावर नाचवायच्या. हात, मान, जबडा, सगळं दोऱ्यावर हलायचं. तुम्ही हसाल, पण आमचा सिनेमा तोच.

खेळात एक हुशार पोरगा होता. गणितं सोडवायचा, चोर पकडायचा. तो मुख्य पार्ट माझा! मी दुसरीतून हाकललेला, सुपारीच्या बागेत पाणी शेंदणारा. मी म्हटलं, "मलाच का घेतलंस?"

"त्याला एकच आवाज लागतो. तुझ्याकडं एकच हाय."

वर्गातली बाकीची पोरं तो एकटा करायचा. चुगलखोर गोदी, "गुरुजी, ह्यो बगा ना!" बाब्या, तोंडात कायम चिंच, त्यामुळं बोलणं सगळं ओलं. आणि मागच्या भिंतीला टेकून घोरणारा नाम्या. माझ्या हुशार पोराकडं कोण ढुंकून बघायचं नाही. मी चोर पकडला की लोक तंबाखू मळायला घ्यायचे. नाम्या घोरला की सगळं देऊळ पुढं सरकायचं.

कारण ती पोरं खरी होती. शाळा खाडीपल्याड, होडीनं जायचं. ही चौथीत असताना एका सकाळी होडी उलटली. कोळ्यांच्या हाताला जिवंत असा शिंपी तेवढा लागला. मी होडीत नव्हतो, म्हशींच्या मागं होतो. अडाणी राहून फायदा झालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

पहिल्या वर्षी नाम्या घोरला तेव्हा त्याची आय पुढंच बसलेली. तोंडावर पदर घेऊन इतकी हसली की बायकांनी तिला धरलं. मग कळलं, ती हसत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मग दरवर्षीच.

एकदा गणपतीच्या आधी ती दुकानात आली. शिवायला काही आणलं नव्हतं. मी तिथंच बाकावर बसलो होतो, कामाचा माणूस असल्यासारखा.

"किती वरसं ठेवणार रं माज्या पोराला चौथीत?" ती म्हणाली. "तुज्याच बरोबरीचा ना तो? तुला मिश्या आल्या, तो अजून चड्डीतच. वाढव की त्याला."

शिंप्यानं मशीनचं चाक धरून ठेवलं. "काकी, मी त्याचा आवाज चौथीपतूरच ऐकलाय."

"पुढचा तू काढ. तुला न्हाय तर कुणाला येनार?"

ती गेली आणि ह्यानं नवा पुठ्ठा कानाला लावला. लावला तो लावलाच. उंच नाम्या कापला, लेंगा घातलेला, पण आवाज सापडेना. श्रावणभर मशीन चालवता चालवता तो निरनिराळे आवाज काढत बसला. मी म्हटलं, "हा बाप्याचा न्हाय, रेड्याचा वाटतो." एरवी असल्यावर हसायचा. तेव्हा हसला नाही.

गणपती आले. धोतरावर उंच नाम्या उभा राहिला. देऊळ पुढं सरकलं. आणि शिंपी स्वतःच्या आवाजात बोलला, रोज माझ्याशी बोलायचा त्याच.

"आय, जेवाय वाढ."

समोरनं लगेच उत्तर आलं, "हात धुवून ये आधी."

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. पुढचं वाक्य माझं होतं. मुख्य पार्ट तोंड उघडं टाकून तसाच उभा! पडदा पाडायचंसुद्धा सुचलं नाही.

त्या दिवसापासून शिंपी बांधला गेला. दरवर्षी नाम्याला थोडा वाढवायचा. मुंबईला गिरणीत लावला, सुट्टीवर आणला, आयशीशी भांडवला. ती खालनं बोलायची, हा मागनं. आमचा चोर पकडायचा राहूनच जायचा.

मग त्याला कावीळ झाली. गावठी औषधं झाली, तालुक्याचा डॉक्टर झाला. डोळे हळदीसारखे. मी उशाशी बसलेलो, तर म्हणाला, "नाम्याचं लगीन राहिलं रे. काकी वाट बघतेय."

मी म्हटलं, "आधी माझं बघ. मी तर पुठ्ठ्याचापण न्हाय." तेवढा हसला.

भाद्रपद लागायच्या आधी गेला.

त्या गणपतीत धोतर ताणलं नाही. तिन्हीसांजेला काकी माझ्या अंगणात आली. "नाम्या तुज्याकडं हाय ना? दाखव."

"काकी, मला त्याचा आवाज येत न्हाय."

"तू नको बोलू. मी बोलीन. तू नुसता धर."

मी ओसरीवर चादर टांगली, मागं कंदील ठेवला आणि नाम्याला धरून उभा राहिलो. चादरीपलीकडं ती बसली. गाय व्याली म्हणाली. कौलं फुटल्यात म्हणाली. मग चादरीजवळ सरकली.

"नाम्या, तुजा मैतर तिकडं आलाय. ठावं असंल तुला. त्यानं माज्याकडं लई वरसं तुजी जागा राखली. आता तू त्याला बघ. पाण्याला भितो तो. रातचा दचकायचा, त्याची आय सांगायची. त्याचा हात सोडू नको."

मला त्या दिवशी फक्त गप्प राहायचं होतं. एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. तेवढंसुद्धा मला जमलं नाही.