उपरणं धरलं की गप्प राहायचं

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत, आमच्या शेजारी राहणारे अंकल म्हणजे एकेकाळचे सिंहली रंगभूमीवरचे आणि सिनेमातले मोठे नट. अजूनही शॉपिंग सेंटरात कोणीतरी श्रीलंकन वाकून त्यांच्या पाया पडतं आणि मी आपली ट्रॉली धरून उभी. असल्या माणसाची प्रॉम्प्टर मी! मला सिंहलीतलं ओ की ठो कळत नाही.

नेमकं म्हणूनच मला निवडलं. अंकल वाक्यं विसरायला लागले होते आणि ही गोष्ट त्यांच्या लोकांत फुटायला नको होती. पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांना मी प्रॉम्प्टिंग केलेलं. त्यांच्या पत्नी, आंटी, नाटकातलं एकेक वाक्य सावकाश म्हणायच्या, मी देवनागरीत उतरवून घ्यायचे.

"बेटी, माझे पॉज प्रसिद्ध आहेत," अंकलनी बजावलं होतं. "खांद्यावरचं उपरणं धरलं असेल तर तो पॉज, गप्प राहायचं. सोडलं की शब्द द्यायचा."

प्रयोगाच्या दिवशी कम्युनिटी हॉल खच्चून भरला. म्हाताऱ्या बापाचं स्वगत सुरेख चाललं होतं आणि मध्येच ते थांबले. उपरणं मुठीत घट्ट. पॉज आहे, गप्प बस बाई, मी स्वतःला दटावलं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. अंकल थांबलेलेच. मी बोलले आणि तो पॉजच निघाला तर? त्यांचं आयुष्यभराचं नाव मी मातीत घालणार. आणि नाही बोलले तर? अहो, सोडा ना ते उपरणं! मग त्यांनी विंगेकडे पाहिलं. जत्रेत हरवलेलं पोर बघतं तसं. मी शब्द दिला. त्यांनी तो लगेच उचलला आणि शेवटपर्यंत धो धो बोलत गेले.

बाहेर लोकांचा गराडा. "काय तो पॉज! असा पॉज आता घेतंय कोण?" अंकल हसून हात जोडत होते.

परतताना गाडी मी चालवत होते, आंटी शेजारी, अंकल मागे. मला राहवेना. "रागावलात का? तुम्ही उपरणं धरलेलं असताना मी बोलले."

ते मागच्या सीटवरून पुढे सरकले.

"बेटी," मग हळूच म्हणाले, "उपरण्याचं आपलं काहीतरी ठरलं होतं, नाही का? धरायचं होतं की सोडायचं?"

आंटींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"सोडायचं होतं, अंकल," मी म्हटलं. आरशात पाहिलं, तर उपरणं अजून त्यांच्या मुठीतच होतं.